बंद खाणीतून वाहणारे पाणी आणि त्याची न संपणारी देखभाल

खाण बंद करण्याचा निर्णय झाला की सर्वांत आधी पंप थांबतात. चालू खाणीत जमिनीखालचे पाणी रात्रंदिवस उपसावे लागते आणि उत्पन्न थांबल्यावर त्या उपशाचा खर्च करण्यात कोणालाच रस उरत नाही. मग भूजलाची पातळी हळूहळू पूर्ववत होऊ लागते, रिकामी भुयारे आणि शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरी, भरत जातात आणि काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या जुन्या तोंडातून पाणी बाहेर पडू लागते. तोपर्यंत कंपनीचे कार्यालय हललेले असते, कामगार पांगलेले असतात आणि बऱ्याचदा कंपनीही कागदोपत्री अस्तित्वात नसते. सोडून दिलेल्या खाणींचे प्रदूषण हा विषय एरवीच्या औद्योगिक प्रदूषणापेक्षा वेगळा आहे तो यामुळे. कारखाना बंद झाला की त्याचे सांडपाणीही थांबते. खाणीच्या बाबतीत मात्र खरा त्रास पुष्कळदा बंद झाल्यानंतरच सुरू होतो.

या विषयावरचे तांत्रिक अहवाल आणि कायदेविषयक लिखाण वाचण्याचा मला बऱ्याच काळापासून नाद आहे. त्यातून माझे एक मत पक्के होत गेले आहे. हे पाणी शुद्ध कसे करायचे, हे माणसाला बऱ्यापैकी ठाऊक आहे. अडते ते शुद्धीकरणाची व्यवस्था शंभर-दोनशे वर्षे चालू कशी ठेवायची, तिचा पैसा कोठून आणायचा आणि तिची जबाबदारी कोणाच्या नावावर टाकायची, येथे.

हा कालावधी इतका लांब का असतो, हे समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र पाहावे लागते. तांबे, जस्त, शिसे, सोने यांच्या अनेक खाणींत आणि कोळशाच्या बऱ्याच थरांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग असते. अखंड खडकात दडलेले असते तोवर ते कोणाच्या वाटेला जात नाही. खाणकामात तो खडक फुटतो, त्याचा उघडा पृष्ठभाग प्रचंड वाढतो, त्याला हवा आणि पाणी एकाच वेळी मिळते आणि सल्फ्युरिक आम्ल व विरघळलेले लोह तयार होऊ लागते. पाणी आम्लधर्मी झाल्यावर या विरघळलेल्या लोहाचे पुढचे ऑक्सिडीकरण खरे तर अतिशय मंदावायला हवे. तसे होत नाही, कारण त्या पाण्यात राहणारे जिवाणू याच अभिक्रियेवर जगतात आणि तिचा वेग सुमारे दहा लाख पटींनी वाढवतात. अमेरिकेत कोळसा खाणींच्या पाण्यावर काम करणाऱ्या संशोधकांनी 1947 मध्ये या जिवाणूंची भूमिका प्रथम दाखवून दिली. जिवाणूंनी तयार केलेले फेरिक, म्हणजे ऑक्सिडीकरण झालेले, लोह पुन्हा पायराइटवरच हल्ला करते आणि या टप्प्याला प्राणवायूचीही गरज लागत नाही. म्हणजे चक्र एकदा फिरू लागले की ते स्वतःच्या जोरावर फिरत राहते, आणि जे आम्ल तयार होते ते आजूबाजूच्या खडकांतून तांबे, जस्त, कॅडमियम असे धातू विरघळवून सोबत घेऊन जाते.

हे कोठवर जाऊ शकते याचे टोकाचे उदाहरण कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन या खाणीत सापडते. शाळेत आपण सामूची, म्हणजे पीएचची, पट्टी शून्यापासून चौदापर्यंत शिकतो; आकडा जितका लहान तितके पाणी अधिक आम्लधर्मी. या खाणीच्या आत साठलेल्या पाण्याचा सामू उणे 3.6 इतका मोजला गेला आहे. तेथील खाणकाम 1963 मध्ये थांबले, परंतु डोंगरात उरलेले पायराइट पाहता हा निचरा आणखी सुमारे तीन हजार वर्षे चालू राहू शकेल असा अंदाज मांडण्यात आला आहे. हा आकडा अतिशयोक्त वाटत असेल त्यांनी स्पेनमधील रिओ तिंतो नदी आठवावी. त्या खोऱ्यात हजारो वर्षांपूर्वीपासून धातू काढले जात आहेत आणि लालभडक रंगाची ती नदी आजही तीव्र आम्लधर्मी आहे, अर्थात तेथील खडकाचा नैसर्गिक गुणही त्यात आहेच.

प्रत्येक खाण अशी नसते. खडकात चुनखडीसारखी कार्बोनेट खनिजे पुरेशी असतील तर आम्ल जागच्या जागी मारले जाते, आणि खोदण्याआधीच नमुने घेऊन आम्ल तयार करण्याची व ते मारण्याची खडकाची क्षमता तपासता येते. मात्र पाणी आम्लधर्मी नाही म्हणून ते निर्धोक, असे समजणेही चुकीचे आहे. आर्सेनिक किंवा जस्त उदासीन पाण्यातही आरामात वाहत जाते.

येथे मोजमापाचा एक सापळा आहे आणि त्याविषयी जरा सविस्तर लिहिले पाहिजे. भुयाराच्या तोंडाशी पाणी पुष्कळदा काचेसारखे स्वच्छ असते. तेथे सामू मोजला तर तो सहाच्या आसपास भरतो आणि पाहणाऱ्याला वाटते की येथे फारसे काही बिघडलेले नाही. तेच पाणी उघड्या हवेत पाऊणशे-शंभर मीटर वाहत गेले की आधी पिवळसर, मग गडद नारिंगी होते, तळाचे दगड गंजाच्या मऊ थराखाली गाडले जातात, आणि आता मोजलेला सामू तीन-साडेतीनवर आलेला असतो. कारण भुयारात प्राणवायू नसल्यामुळे लोह विरघळलेल्या अवस्थेत गप्प होते. हवा मिळताच त्याचा साका बसू लागला आणि त्या क्रियेत आम्ल मोकळे झाले. म्हणून केवळ सामू मोजून भागत नाही, पाण्यात दडलेली एकूण आम्लता मोजावी लागते. उलट बाजूने पाहिले तर डोळ्यांना सर्वांत भीषण दिसणारा नारिंगी ओढा हा सर्वांत विषारी असेलच असेही नाही. जस्त आणि कॅडमियम यांना रंग नसतो. तळ अगदी लख्ख दिसतो, पण दगड उचलून पाहिला तर त्याच्या खालच्या बाजूला एकही किडा किंवा अळी नसते, आणि जाणकार माणूस त्यावरून काय ते ओळखतो.

दूषित पाणी बाहेर आल्यावर शुद्ध करण्यापेक्षा ते तयारच होऊ न देणे केव्हाही चांगले, याबद्दल दुमत नाही. त्यासाठी डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी चर खणून खाणीपासून दूर वळवतात, टाकाऊ खडकाच्या ढिगांवर चिकणमातीचे आच्छादन घालतात, किंवा तो खडक कायमचा पाण्याखाली ठेवतात. शेवटची कल्पना ऐकायला उलटी वाटते, पण तिच्यामागचे गणित सरळ आहे: हवेत सुमारे 21 टक्के प्राणवायू असतो, तर एक लिटर पाण्यात जेमतेम आठ-दहा मिलिग्रॅम विरघळतो. ढीग नेहमी बुडालेला राहील याची हमी असेल तर पायराइटची उपासमार होते. परंतु ‘नेहमी’ या शब्दातच सगळी मेख आहे. बांध फुटतो, आच्छादनाला कोरड्या हंगामात तडे जातात, झाडांची मुळे त्यातून आरपार जातात, आणि कोणी पाहणारे नसेल तर दहा-पंधरा वर्षांत पहिले पाढे पंचावन्न.

भुयाराचे तोंड काँक्रीटच्या बुचाने बंद करणे हाही असाच एक मोहात पाडणारा उपाय आहे. पाणी आत कोंडले की भुयार बुडते, प्राणवायू तुटतो आणि सगळे कसे सोपे होते. प्रत्यक्षात डोंगर म्हणजे काही सीलबंद टाकी नव्हे. शंभर वर्षांत ठिकठिकाणी खणलेली भुयारे एकमेकांना कोठे मिळतात याचे नकाशे अपुरे असतात, पातळी वाढली की पाणी दुसरी वाट शोधते आणि मागे दाब साचत जातो. इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे व्हील जेन ही कथिलाची खाण 1991 मध्ये बंद झाली, उपसा थांबला, आणि जानेवारी 1992 मध्ये जोडलेल्या एका जुन्या भुयाराचे बूच फुटून पाच कोटी लिटरच्या आसपास धातुमिश्रित पाणी कार्नन नदीत आणि पुढे फाल नदीच्या खाडीत उतरले. कोलोरॅडोतील गोल्ड किंग या खाणीचा किस्सा तर अधिकच बोलका आहे. ती खाण 1920च्या दशकापासून बंद होती. 5 ऑगस्ट 2015 रोजी अमेरिकेच्या पर्यावरण खात्यासाठी काम करणारे पथक तिच्या ढासळलेल्या तोंडाशी साचलेला राडारोडा यंत्राने उकरत होते. आत पाण्याचा दाब किती आहे हे आधी छिद्र पाडून मोजलेले नव्हते. राडारोड्याचा तो बांध सुटला, सुमारे 1.1 कोटी लिटर पाणी बाहेर पडले आणि ॲनिमस नदी मोहरीच्या रंगाची झाली. त्याचा परिणाम तीन राज्यांत आणि नावाहो राष्ट्राच्या, म्हणजे तेथील एका मूळ रहिवासी समाजाच्या, भूमीवर जाणवला. त्या परिसरातील दुसऱ्या एका खाणीचे भुयार 1990च्या दशकात बुचांनी बंद केल्यानंतर आसपासची पाण्याची पातळी वाढली होती, हे अनेक तज्ज्ञांनी लक्षात आणून दिले आहे. त्या दिवशीच्या दृश्यांनी जग हादरले, परंतु तितकेच पाणी त्याच डोंगरांमधून काही दिवसांत गुपचूप वाहत होते आणि त्याची बातमी कधीच झाली नाही.

पाणी बाहेर येतच असेल तर ते शुद्ध करावे लागते. खात्रीचा आणि जुना मार्ग म्हणजे चुना. टाकीत पाण्यात कालवलेला चुना घालून सामू आठ-नऊपर्यंत वाढवायचा, हवा सोडायची, धातूंचा साका खाली बसू द्यायचा. हे काम करते, निःसंशय करते. पण चुना रोज लागतो, वीज रोज लागते, माणूस रोज लागतो आणि मागे उरतो तो गाळ. साध्या पद्धतीत निघणाऱ्या या गाळात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे त्याचे आकारमान अवाढव्य असते. तोच गाळ थोडा थोडा परत फिरवून घट्ट करण्याची सुधारित पद्धत आता रूढ आहे. तरीही तो कोठेतरी टाकावाच लागतो. त्यासाठी पुष्कळदा जुनी भुयारेच वापरतात, हा एक चमत्कारिक पण व्यवहारी न्याय आहे.

याला पर्याय म्हणून गेल्या काही दशकांत अशा पद्धती विकसित झाल्या, ज्यांत वीज आणि रोजची रसायने लागत नाहीत. चुनखडीच्या दगडांनी भरलेल्या चरातून पाणी जाऊ द्यायचे, ही त्यांतील सर्वांत साधी कल्पना. आणि ती साधेपणाने राबवली तर हमखास फसते. उघड्या चरात टाकलेला पांढरा दगड थोड्याच काळात लोहाच्या तपकिरी कवचाने मढून जातो. असा दगड हातोडीने फोडला तर आत तो जसाच्या तसा पांढरा, न वापरलेला सापडतो, आणि पाणी मात्र कवचावरून निसटून गेलेले असते. म्हणून चर मातीने आणि प्लास्टिकच्या आवरणाने बंद करतात. हवा नाही म्हणून लोहाचा साका नाही, साका नाही म्हणून कवच नाही. चुनखडी विरघळत राहते आणि पाणी बाहेर आल्यावरच, मोकळ्या तळ्यात, लोह खाली बसते. ही युक्ती मला फार आवडते. पण पाण्यात ॲल्युमिनियम असेल तर तेही चालत नाही, कारण त्याच्या साक्याला प्राणवायूची गरज नसते आणि त्याचा पांढरा चोथा दगडांमधल्या फटी बुजवून टाकतो. तेव्हा मग कंपोस्टचा थर आणि त्याखाली चुनखडी अशी रचना करतात, पाणी वरून खाली झिरपवतात आणि अधूनमधून झडप उघडून साठलेला चोथा जोरात धुऊन काढतात. पुढे पाणकणसांची कृत्रिम दलदल असते. तेथील सल्फेट खाणारे जिवाणू धातूंना सल्फाइडच्या रूपात चिखलात अडकवतात, म्हणजे खाणीत उलगडलेली अभिक्रिया येथे उलट दिशेने चालवली जाते.

या पद्धतींना ‘निष्क्रिय’ म्हणतात आणि त्या नावाने बराच गैरसमज पसरवला आहे. त्यांना जागा भरपूर लागते, थंडीत जिवाणू मंदावतात, कंपोस्ट संपते, चुनखडी झिजते, उंदीर-घुशी बांध पोखरतात. उद्घाटनाच्या वेळी त्यांना ‘देखभालमुक्त’ म्हटले जाते, आणि पुढच्या अंदाजपत्रकात देखभालीची तरतूद नसते ती त्यामुळेच.

गाळातून काही उत्पन्न काढता येईल का, याचेही प्रयोग होत आहेत. ओहायो विद्यापीठातील मंडळींनी अशा ओढ्यांतील लोहापासून चित्रकारांसाठी रंगद्रव्य तयार केले. दक्षिण आफ्रिकेत इमालाहलेनी येथे 2007 पासून कोळसा खाणींचे पाणी पिण्यायोग्य करून नगरपालिकेला दिले जाते. इंग्लंडच्या गेट्सहेडमध्ये बुडालेल्या खाणीच्या कोमट पाण्यावर इमारती गरम ठेवल्या जातात. हे सगळे स्वागतार्ह आहे, फक्त त्यातून देखभालीचा सगळा खर्च निघेल, असे कोणी सांगू लागले की हिशेब मागावा.

पाण्याइतकीच चर्चा धुळीची व्हायला हवी, परंतु ती होत नाही. धातू काढून घेतल्यावर उरलेला बारीक भुगा मैलोन्मैल पसरलेला असतो आणि वारा तो घरांत नेऊन टाकतो. झांबियातील काब्वे येथील शिशाची खाण 1994 मध्ये बंद झाली. तेथील मुलांच्या रक्तात आजही शिसे धोकादायक प्रमाणात सापडते, कारण ते अंगणातल्या मातीत आहे आणि मुले मातीत खेळतात. कोलारच्या सोन्याच्या खाणी 2001 मध्ये बंद झाल्या, त्यांच्या भुग्याच्या टेकड्या अजून उभ्या आहेत. अशा जागी गवत रुजवणे हा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे, पण साधे गवत तेथे तग धरत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञांना वेल्समधील जुन्या खाणींच्या ढिगांवर आपसूक उगवलेले गवत धातू सहन करते असे आढळले आणि त्यांनी त्याच्याच जाती पुढे बियाण्यासाठी तयार केल्या. ‘झाडे लावा, ती विष शोषून घेतील’ हा प्रचार मात्र मला पटत नाही. शोषून घेतलेले शिसे पानांत आले तर ते गुराढोरांच्या पोटात जाणार. येथे हवे असते ते विष मुळाशीच धरून ठेवणारे आणि धूळ उडू न देणारे गवत.

काही जागा अशा आहेत की तेथे शुद्धीकरण हा शब्दच लागू पडत नाही. कॅनडातील यलोनाइफजवळच्या जायंट खाणीत सोन्याचा खडक अर्धशतक भाजला गेला आणि त्यातून निघालेले 2,37,000 टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड जमिनीखालच्या कप्प्यांत साठवले गेले. ही भुकटी पाण्यात विरघळते. मालक कंपनी 1999 मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि सगळे सरकारच्या गळ्यात पडले. कप्प्यांभोवतीचा खडक गोठवून ठेवायचा, अशी सध्याची योजना आहे. त्यासाठी कार्बन डायऑक्साइड भरलेल्या नळ्या खडकात सोडल्या जातात. त्या हिवाळ्याच्या थंडीचाच उपयोग करून घेतात आणि त्यांना वीज लागत नाही. 2022 मध्ये जाहीर झालेला एकूण अंदाज 4.38 अब्ज कॅनेडियन डॉलरचा आहे. या योजनेत निदान प्रामाणिकपणा आहे, कारण हा उपाय अंतिम आहे असा दावा तीत नाही आणि कायमच्या तोडग्यासाठी संशोधन चालू ठेवण्याची सोय तिच्या चौकटीतच केलेली आहे.

आता पैशाकडे वळू, कारण खरी गाठ तेथे आहे. समजा, एका खाणीचे पाणी शुद्ध करण्याचा वार्षिक खर्च ठरलेला आहे आणि तो अनंत काळ करायचा आहे. महागाई वजा जाता ठेवीवर चार टक्के परतावा मिळेल असे गृहीत धरले, तर वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट ठेव पुरते. दोनच टक्के मिळतील असे धरले, तर पन्नासपट लागते. म्हणजे एका गृहीतकाने रक्कम दुप्पट होते आणि ते गृहीतक ठरवताना वाटाघाटीच्या मेजावर कंपनी बसलेली असते, शंभर वर्षांनंतरचा गावकरी नसतो. त्यातही पाच टक्के दराने हिशेब मांडला तर शंभर वर्षांनी होणारा खर्च आजच्या वहीत शंभराव्या हिश्श्याहून कमी दिसतो, जणू तो नाहीच. अनेक देशांत खाण सुरू करण्यापूर्वी अनामत घेण्याची तरतूद आता आहे, पण ती रोख किंवा बँक हमीच्या रूपात हवी. ‘आमची ऐपत पुरेशी आहे’ या कंपनीच्या स्वतःच्या हमीवर भिस्त ठेवली की काय होते, ते अमेरिकेत 2015-16 मध्ये बड्या कोळसा कंपन्या एकामागोमाग दिवाळखोरीत गेल्या तेव्हा दिसले. शिवाय मोठ्या कंपनीने संपत आलेली खाण एखाद्या लहान कंपनीला विकायची आणि लहान कंपनीने दोन-चार वर्षांत हात वर करायचे, ही वाट तर सर्वांना पाठ आहे. मालकी बदलताना जुन्या मालकाची जबाबदारी संपूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या खाणींचे काय, हा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे, कारण तेथे पकडायला कोणी उरलेले नसते. ब्रिटनमध्ये 1999 संपण्यापूर्वी सोडून दिलेल्या खाणींतून होणाऱ्या प्रदूषणाची जबाबदारी मालकांवर टाकता येत नसे. त्यामुळे कोळसा खाणींच्या पाण्याचे काम सार्वजनिक संस्थेने हाती घेतले. जर्मनीने एकीकरणानंतर पूर्व भागातील विस्मुट या युरेनियम खाणींची सफाई सरकारी खर्चाने सुरू केली आणि तेथील पाणी आजही शुद्ध करावे लागते. अमेरिकेने 1977 च्या कायद्याने चालू कोळसा खाणींवर टनामागे शुल्क बसवले आणि त्यातून जुन्या कोळसा खाणी सुधारल्या. धातूंच्या खाणींसाठी मात्र तेथे मुळात 1872 चा कायदा आहे, ज्यात सरकारी जमिनीवरील धातूंवर रॉयल्टीच नाही. मग निधी कोठून उभा राहणार? टनामागे शुल्काची कल्पना मला सर्वांत न्याय्य वाटते. आज धातू वापरणाऱ्यांनी कालच्या धातूचे थोडे ऋण फेडावे, यात अन्याय नाही.

कायद्याने मदत करणाऱ्याचीच वाट कशी अडवली जाते, हेही याच संदर्भात दिसते. अमेरिकेच्या स्वच्छ पाणी कायद्यानुसार एखाद्या स्वयंसेवी गटाने बेवारस भुयाराच्या तोंडाशी चुनखडीचा चर बांधला आणि जस्त नव्वद टक्क्यांनी कमी केले, तरी उरलेल्या दहा टक्क्यांसाठी तोच गट प्रदूषक ठरू शकत असे. काहीच केले नाही तर कोणी विचारत नाही, आणि केले तर खटल्याची टांगती तलवार. अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर डिसेंबर 2024 मध्ये तेथे नवा कायदा झाला आणि त्या प्रदूषणाशी काहीही संबंध नसलेल्यांना अशा सफाईसाठी संरक्षण मिळाले. ते सध्या सात वर्षांसाठी आणि जास्तीत जास्त पंधरा प्रकल्पांपुरते आहे. या पंधरा जागा निवडताना ओढ्याच्या रंगाकडे पाहू नये. प्रत्येक तोंडातून दिवसाला किती किलो धातू बाहेर पडतो, हे कोरड्या दिवसांत आणि बर्फ वितळताना असे दोन्ही वेळा मोजून ठरवावे. बहुधा असे दिसते की एका खोऱ्यातील डझनावारी भुयारांपैकी मोजकी चार-पाचच बहुतेक सगळे विष ओतत असतात. त्या प्रकल्पांचे अहवाल येऊ लागतील तेव्हा पहिल्या वर्षीचे पाण्याचे आकडे चांगलेच असणार. मी त्यात शोधणार आहे ते हे की आठव्या वर्षी चुनखडीचा चर उपसण्याचे काम कोणाकडे दिले आहे आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यात ठेवले आहेत.